मूळ फाईल काढून टाका

१

सकाळचा चहा झाला की आप्पांना हॉलमधल्या खुर्चीत बसवायचं, त्यांच्या डाव्या हाताशी स्टीलचा ग्लास आणि चमचा ठेवायचा आणि मग आतल्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर सुरू करायचा, असा माऊचा रोजचा क्रम होता. माऊ हे तिचं घरातलं नाव. पस्तिशी गाठलेल्या, जाड चष्म्याच्या बाईला ते शोभत नाही हे तिलाही कळत होतं. पण ज्या बापाने ते ठेवलं, त्याला आता ते बदला म्हणून कोण सांगणार? आप्पांना झटका येऊन वर्ष होत आलं होतं. लुळी पडलेली उजवी बाजू थोडी सावरली होती, वॉकर धरून ते बाथरूमपर्यंत जात होते. वाचा मात्र गेली ती गेलीच. उरला होता एक हुंकार, खोकला आणि चमच्याने ग्लासवर केलेली टणटण. टणटण ऐकू आली की माऊने हातातलं टाकून यायचं, असा बापलेकीत करार होता.

हातातलं कामही आप्पांचंच होतं. नोकरीत असताना दर रविवारी ते याच आतल्या खोलीत दार लावून बसत आणि अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत. प्रवासवर्णनं, चरित्रं, बागकाम, जे पुस्तक येईल ते. तो मुठीएवढा रेकॉर्डर आणि तो बनवणारी कंपनी, दोघांचाही आता पत्ता नव्हता, आणि त्यातल्या फायली आजच्या कुठल्याच फोनवर उघडत नव्हत्या. ग्रंथालयाने त्या सगळ्या पेन ड्राइव्हवर भरून माऊकडे पाठवल्या होत्या. तिचं पोट याच धंद्यावर चालायचं: लोकांची भाषणं, लग्नं, गेलेल्या माणसांचे निरोप जुन्या फायलींतून नव्या फायलींत आणून द्यायचे.

गाणी वाजवायला सगळे वापरतात तसल्याच प्लेयरच्या मेनूत खाली ‘रूपांतर करा’ असं एक कलम असतं. तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. माऊचं सगळं दुकान त्या एका कलमावर उभं होतं. फायली ओढून रांगेत टाकायच्या, नवा प्रकार निवडायचा, बटण दाबायचं. मग फाईल वाजत असावी तशी प्लेयरची पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत जाते, फक्त आवाज येत नाही. बटणाच्या वर एक चौकोन होता: ‘रूपांतरानंतर मूळ फाईल काढून टाका.’ कॉम्प्युटर म्हातारा, जागा सदा भरलेली, म्हणून माऊने त्यात बरोबरची खूण कधीचीच करून ठेवली होती. पेन ड्राइव्हवर सगळं शाबूत होतंच. इथे होत्या त्या नुसत्या कॉपी.

या कामात आणखी एक लोभ होता. आप्पांना बोलायला शिकवायला येणाऱ्या थेरपिस्टबाई म्हणाल्या होत्या, “त्यांना त्यांचाच जुना आवाज रोज ऐकवा. कधी कधी जीभ आपली वाट आपणच शोधते.” आप्पांनी एकदा, एकदाच, आपल्याला नावाने हाक मारावी, यापलीकडे माऊला काही नको होतं. म्हणून तयार झालेली प्रत्येक फाईल ग्रंथालयाकडे जाण्याआधी हॉलमधल्या छोट्या स्पीकरवर वाजायची. आप्पा डोळे मिटून ऐकायचे. बागकामाच्या पुस्तकातल्या एका फाईलला तर माऊ स्वतःच हटकून थांबायची. त्यात मध्येच दार करकरतं, आप्पा वाचता वाचता थांबतात आणि म्हणतात, “माऊ, दार लावून घे. वाचन चाललंय.” आणि पुढे वाचू लागतात. तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. ती हाक एवढीच काय ती शिल्लक होती.

२

सगळी फाईल ऐकत बसलं तर धंदा बुडेल. त्यामुळे या कामात सगळे करतात तेच माऊ करायची: हेडफोन लावून सुरुवात ऐकायची, शेपूट ऐकायचं, दोन्ही टोकं नीट असली की पुढे. आप्पांच्या फायलींचं शेपूट ओळखायला सोपं होतं. प्रत्येक वाचनाच्या शेवटी ते म्हणत, “हे वाचन इथे संपलं. ऐकणाऱ्यांचे आभार.” मग रेकॉर्डर बंद केल्याची टिचकी.

त्या सकाळी टिचकी झाली, आणि फाईल संपली नाही.

माऊने मान वाकडी करून पट्टीकडे पाहिलं. पट्टी अजून थोडी उरली होती. हेडफोनमध्ये खोलीचा तो पोकळ आवाज येत राहिला, जो कोणी बोलत नसताना प्रत्येक खोलीत असतो. त्यात एक बारीक टक, टक, टक होतं. मग कुणीतरी हळूच घसा साफ केला आणि फाईल संपली.

आप्पांनी रेकॉर्डर उशिरा बंद केला असेल, असं म्हणून तिने ती फाईल बाजूला ठेवली. चहा ठेवायला उठली तेव्हा हॉलमधला पंखा फिरत होता. त्याचं एक पातं जरा वाकलं होतं आणि ते दर फेऱ्याला टक करायचं. पंखा मागच्या उन्हाळ्यात घेतलेला. आप्पा तर वाचताना पंखा लावतच नसत, घाम पुसत वाचायचे.

“टकटक काय एकाच पंख्याची मक्तेदारी आहे का?” असं ती स्वतःशीच म्हणाली आणि साखर शोधू लागली. ते तिला बऱ्यापैकी पटलंही.

३

पहिला गठ्ठा ग्रंथालयात पोचल्यावर ग्रंथपालांचा फोन आला. गृहस्थ जन्मापासून अंध, स्वभावाने गप्पिष्ट.

“ताई, काम झकास झालंय. वाचक खूश आहेत. फक्त एक विचारू? शेवटी घरातलं का ठेवलंत?”

“घरातलं म्हणजे?”

“म्हणजे वाचन संपल्यावर पुढचं. पंखा, कप ठेवल्याचा आवाज. कोणीतरी काहीतरी ओढत चालतंय. नसू दे असं नाही हं, उलट सोबत वाटते. पण काका आता वॉकर घेऊन चालतात ना? आपटून मग पाय घासतात?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला हवं? ऐकलं की.” ग्रंथपाल हसले. “आणि दर फाईलला ते वाढत चाललंय बघा.”

माऊने फोन ठेवला आणि पेन ड्राइव्ह लावला. तिथल्या मूळ फायली एकेक करून उघडल्या, शेपटं ऐकली. आभार, टिचकी, संपलं. आभार, टिचकी, संपलं. एकीतही जादा काही नव्हतं. मग त्याच फायलींची तिने केलेली रूपांतरं ऐकली. आभार, टिचकी, मग पंखा. मग वॉकर टेकल्याचा ठक्‌ आणि त्यामागून सपातीची खरड, जी ती गेले कित्येक महिने ऐकत आली होती. कप बशीवर. खोकला, आप्पांचा, शेवटी किंचित शिट्टी वाजणारा.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण बाई हिशोबी होती. कॉम्प्युटरचा माइक चालू राहिला असेल, तिने स्वतःला समजावलं. या कॉम्प्युटरला माइक नव्हता. तरीही तिने मागची सगळी भोकं तपासली आणि एक रिकामं भोक चिकटपट्टीने बंद केलं. गिऱ्हाइकांना ती पहिल्याच दिवशी जे सांगायची ते तिला राहून राहून आठवत होतं: रूपांतरात थोडं कमी होतं, वाढत कधीच काही नाही. आणि जे गेलं, ते उलटं फिरवून परत येत नाही.

इथे तर वाढत होतं. मग कमी कुठे होत होतं?

४

त्या आठवड्यात आप्पा स्पीकरला कंटाळलेले दिसू लागले. माऊने तो समोर ठेवला की ते तोंड फिरवायचे. एकदा डाव्या हाताने त्यांनी तो ढकलूनच दिला. स्पीकर टेबलावरून खाली आला, चेंडूसारखा दोनदा उडाला आणि सोफ्याखाली गेला.

“असं काय करता, आप्पा?” ती म्हणाली. “तुमचाच आवाज आहे. त्याच्यावर कसला राग?”

आप्पा तिच्याकडे टक लावून बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, जबडा वरखाली होत होता. माऊला भरून आलं. सराव चाललाय, तिने मनाशी म्हटलं. सोफ्याखाली हात घालताना मात्र तिला वाटलं की काहीतरी राहून गेलं. स्पीकर फरशीवर पडल्याचा आवाज झाला होता का? झाला असणार, आपलंच लक्ष नसेल. पडलेली वस्तू वाजतेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हेडफोन काढून पाणी प्यायला उठली आणि हॉलच्या दारातच थबकली. आप्पा खुर्चीतून अर्धे घसरले होते. पायजमा ओला झाला होता, वॉकर आडवा पडला होता, आणि ते डाव्या हातातला चमचा ग्लासवर मारत होते. जीव खाऊन मारत होते. ग्लासला पोचे पडले होते. चमचा खाली यायचा, ग्लास हादरायचा, पुन्हा चमचा वर जायचा.

टणटण होत नव्हती.

माऊने धावत जाऊन त्यांना सावरलं, खुर्चीत नीट बसवलं. ती बोलत राहिली, “हेडफोन होते ना कानाला, ऐकूच आलं नाही, चुकलं माझं, उद्यापासून एक कान उघडा ठेवीन.” पंखा टकटक करत होता. खाली रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं ते खणखणीत ऐकू आलं. तिने आप्पांच्या हातातून चमचा घेतला आणि स्वतः ग्लासवर मारला. टण्ण. चांगला वाजला. मग तिने तो परत त्यांच्या हातात दिला.

“मारा बरं,” ती म्हणाली.

आप्पांनी मारला. माऊ त्या ग्लासकडे बघत राहिली. आप्पा रडत होते. तोंड उघडं होतं, खांदे हलत होते, आणि पंख्याच्या टकटकीखेरीज खोलीत काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं.

५

थेरपिस्टबाई आल्या त्या नेहमीसारख्या हसत, पर्स खुंटीला अडकवत. माऊने त्यांना काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? माझे वडील वाजायचे थांबलेत म्हणून?

“चला काका, आ करा. मोठ्याने. आऽऽ.”

आप्पांनी आ केला. बाई थांबल्या. पुन्हा करायला लावला. मग त्यांनी आपल्या सवयीने तळहात आप्पांच्या गळ्यावर ठेवला. आवाज निघतोय की नुसती हवा, हे त्यांना तसं कळायचं.

“पुन्हा करा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचं हसू हळूहळू उतरत गेलं. “ताई, तुम्ही हात लावा बरं इथे.”

माऊने हात लावला. सुरकुतलेल्या कातडीखाली आप्पांचा गळा थरथरत होता. मांजर मांडीवर गुरगुरताना लागते तशी ती भक्कम, जिवंत थरथर होती.

“आवाज होतोय,” बाई म्हणाल्या. “चांगला मोठा होतोय. हाताला लागतोय.” त्यांनी स्वतःच्या कानाशी दोन चुटक्या वाजवल्या. “मला ऐकू का येत नाहीये?”

तळहाताखालची थरथर बदलली होती. आता ती तुटक येत होती: एक लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड. आप्पा तिच्या डोळ्यांत बघत होते आणि त्यांचे ओठ आधी मिटत होते, मग उघडत होते, मग गोल होत होते.

“मी उद्या डॉक्टरांना घेऊन येते,” बाई पर्स काढत म्हणाल्या. जिन्यातून उतरताना त्यांच्या चपला भराभर वाजत गेल्या.

६

आतल्या खोलीत रांग चालूच होती. सकाळी लावलेला शेवटचा गठ्ठा. पट्टी मुकाट्याने सरकत होती. माऊने ‘थांबवा’ दाबलं. पट्टी थांबली. तिने त्या आठवड्यात झालेल्या फायली उघडल्या, हेडफोन चढवले आणि शेपटाकडे गेली.

आभार. टिचकी. पंखा. त्यानंतर टणटण. किती वेळ चालली होती ती! आधी सावकाश, मग घाईने, मग जीव खाऊन. वॉकर आडवा पडल्याचा दणका. स्पीकर फरशीवर आपटून उडाल्याचा आवाज. आणि या सगळ्याच्या मध्ये एक घोगरा, थकलेला, अडखळणारा आवाज.

“म्म.”

पुढच्या फाईलमध्ये, “मा.”

त्याच्या पुढच्या फाईलमध्ये खोकला, श्वास, पुन्हा प्रयत्न. “मा. मा... उ.” आणि त्यानंतरच्या फाईलमध्ये अगदी स्पष्ट, “माऊ.” क्षणभर शांतता. बहुधा त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं असेल. मग एक हसू, शेवटी शिट्टी वाजणारं. “माऊ! माऊ!”

जिभेला वाट सापडली होती. हॉलमधल्या खुर्चीत, ही इथे कान झाकून बसलेली असताना, आप्पांनी तिला हाक मारली होती, एकदा नाही, कितीतरी वेळा. त्यातली एकही हॉलमध्ये वाजली नव्हती. सगळ्या इथे येऊन पडल्या होत्या. शेवटच्या फाईलमधल्या हाका हाका राहिल्या नव्हत्या. त्या ऐकवत नव्हत्या.

माऊने हेडफोन ओढून काढले. भीतीपेक्षाही जास्त तिला स्वतःची चीड आली होती. डोळे पडद्यावरच्या त्या चौकोनावर गेले. ‘मूळ फाईल काढून टाका.’ आपण कुठल्या मुळावर खूण करून ठेवली होती, हा विचार तिने पुरा होऊ दिला नाही.

गिऱ्हाइकाने झालेलं काम उलटं फिरवून मागितलं असतं तर तिने त्याला हसून परत पाठवलं असतं. पण आता तिने तेच केलं. आप्पांच्या झालेल्या सगळ्या फायली निवडल्या, रांगेत टाकल्या आणि नवा प्रकार म्हणून तो जुना, मेलेला प्रकार निवडला. उलटं रूपांतर. एमपीथ्रीतून परत त्या मुठीएवढ्या रेकॉर्डरच्या फाईलमध्ये. जे इकडे आलंय ते तिकडे जाऊ दे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने बटण दाबलं.

पट्टी सरकू लागली. पहिली फाईल झाली, दुसरी झाली. मग तिला दिसलं की चौकोनातली खूण तशीच आहे. यादीतून एकेक नाव पुसलं जात होतं. ती माउस पकडायला गेली, आणि तेवढ्यात हॉलमधून आवाज आला.

टण्ण.

चमचा. ग्लास. माऊच्या तोंडून हुंदका फुटला. मग सपातीची खरड. मग खोकला, शिट्टीसकट. तिचा जीव भांड्यात पडला. माउस तसाच सोडून, खुर्ची मागे लोटून ती उठली. पाठीमागे पट्टी टोकाला पोचत होती. तिने पाहिलं नाही.

७

दारातून तिला आप्पांची पाठ दिसली. खुर्चीवर पांढरं डोकं, बाजूला लोंबणारा डावा हात. चमचा आणि ग्लास दोन्ही टेबलावर होते, हातापासून बरेच दूर. वॉकर भिंतीला टेकवलेला होता.

आणि आप्पा बोलत होते.

अडखळत नव्हते. घोगरा, थकलेला आवाज नव्हता तो. भरदार, ठासून, प्रत्येक शब्द ऐकणाऱ्याच्या ओंजळीत ठेवत असल्यासारखा. “रोप कुंडीतून काढताना घाई करू नये. मातीचा गोळा दोन्ही हातांनी धरावा. मुळं तुटली तर वरून रोप काही दिवस हिरवंच दिसतं.”

“आप्पा,” माऊ म्हणाली.

आवाज थांबला नाही. ती भिंतीच्या कडेकडेने पुढे गेली. मधून जायचं तिच्या जिवावर आलं. पाणी किती घालावं, ऊन कुठून यावं, आवाज शांतपणे सांगत होता. ती वळसा घालून खुर्चीसमोर आली. आप्पांचे डोळे उघडे होते. तोंड थोडं उघडं होतं, ‘मा’ म्हणून झाल्यावर राहावं तेवढंच. ओठ हलत नव्हते.

तिने टेबलाखाली पाहिलं, सोफ्याखाली पाहिलं. छोटा स्पीकर टेबलाखालीच होता, वायर काढलेला. आवाज खुर्चीतूनच येत होता, आप्पांचं तोंड जिथे होतं तिथून.

मागे आतल्या खोलीचं दार वाऱ्याने करकरलं. वाचन थांबलं.

“माऊ, दार लावून घे,” तो तरणा आवाज म्हणाला, मायेने, किंचित वैतागून. “वाचन चाललंय.”

आणि वाचन पुढे सुरू झालं. तिला हवी होती ती हाक मारून झाली होती. माऊ गुडघ्यांवर बसली. बाई ठेवायच्या तसा तिने आपला तळहात आप्पांच्या गळ्यावर ठेवला. कातडी अजून गरम होती. घरभर आवाज भरला होता, खिडकीची काच त्याने बारीक थरथरत होती. तळहाताला मात्र काहीच लागत नव्हतं. तिने हात काढला नाही. आणखी थोडा वेळ ठेवला तर लागेल, असं तिला वाटत होतं.